तुमचा कॅम, अण्णांचा कॅम

मामा, तुमची बुलेट मी खोलायला घेतली आहे. आधी सांगून टाकते, मग काय रागवायचं ते रागवा.

काल तुमचा जलदान विधी झाला. भंतेजी आले, वंदना झाली, माणसं जेवली, गेली. आज सकाळी मंडपवाल्यानं खुर्च्या नेल्या आणि ओसरी एकदम रिकामी झाली. ती मला बघवेना. मग गाडी ओढत आणली, डबल स्टँडवर चढवली, खाली जुनी चादर अंथरली आणि पान्यांची पेटी घेऊन बसले. तुम्ही भिंतीवर हार घालून बसलाय आणि मी खाली तुमच्या इंजिनाचे स्क्रू ढिले करतेय. शेजारच्या काकू मघाशी डोकावून गेल्या. सासरा जाऊन आठवडा होतोय न होतोय तर ही बाई गाडी खोलून बसली, असं त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं. दिसू द्या.

पत्रिकेत तुमच्या नावाआधी 'कालकथित' छापलंय. तुम्ही असता तर चष्मा नाकावर ओढून वाचलं असतं आणि म्हणाला असता, "लई भारी दिसतंय की! आधीच लावाया पाहिजे होतं." मला ते काल विधीत बसल्या बसल्या ऐकू आलं आणि हसू आलं. प्रशांतनं कोपरानं ढोसलं. तुमच्या लेकाला मी रडतेय की हसतेय हे अजून ओळखता येत नाही.

गाडी खोलायचं कारण तुम्हाला माहीत आहे. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही नाकातली नळी बाजूला करून म्हणालात, "सुजाता, इंजन खोल एकदा." मी म्हणाले, "खोलते, टाकते तुमचा कॅम. आधी घरी तर चला." तुम्ही हसलात. मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते काही मला कळलं नाही. घरी काही तुम्ही चालत आला नाहीत.

तर शब्द दिलेला आहे आणि तो पाळायचा आहे. एवढंच असतं तर दुपारपर्यंत काम संपलं असतं. पण तुमचा कॅम टाकायचा तर आतला अण्णांचा कॅम काढावा लागतो. माझ्या बापाच्या हातची एवढी एकच वस्तू आता फिरती आहे, बाकीच्या सगळ्या भिंतीवर नाही तर कपाटात. म्हणून सकाळपासून कॅमवरच्या टायमिंग कव्हरचे स्क्रू काढून वाटीत ठेवलेत आणि कव्हर ओढायला हात होत नाहीये.

भांडी घेऊन समाजमंदिरात परत द्यायला निघताना प्रशांतनं विचारलं, "हे कॅम कॅम म्हणजे असतं तरी काय गं?" बघा मामा. बाप ड्रायव्हर, सासरा लेथवाला, बायको आयटीआयला टर्नर शिकवते आणि हा मराठी शिकवतो. त्याला सांगितलं, इंजिनाला दोन दारं असतात. एकातून पेट्रोल-हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. दार कधी उघडायचं आणि किती वेळ उघडं ठेवायचं, हे खाली फिरणारा कॅम ठरवतो. बुलेटला दोन दारांचे दोन वेगळे कॅम. पुशरॉड म्हणजे कॅमचा धक्का वरपर्यंत पोचवणारी दांडी. तुझ्या बाबांचा कॅम दार जास्त वेळ उघडं ठेवतो, गाडी वरच्या वेगाला पळते. अण्णांचा वेळेवर बंद करतो, गाडी हळू असताना ओझं ओढते. तो म्हणाला, "मग भांडण कशाचं?" आणि टोपलं डोक्यावर घेऊन गेला.

भांडण कशाचं! सांगा की आता.

लग्न होऊन लातूरला आले तेव्हा सासऱ्याला मामा आणि सासूला आत्याबाई म्हणायची रीत, म्हणून मी तुम्हाला मामा म्हणायला लागले. सख्ख्या मामाशी मात्र कधी एवढी भांडले नाही. आत्याबाई तर मी यायच्या आधीच गेलेल्या, त्यामुळे आपल्या दोघांत पडायला मधे कुणी नव्हतं. प्रशांत पडायचा नाही, तो पुस्तक घेऊन गच्चीवर जायचा.

तुमची गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितली की मला तोंडपाठ झाली. लातूर जिल्हा झाला. त्याआधी साध्या कागदाला उस्मानाबादचा फेरा. नव्या जिल्ह्याला नवी ऑफिसं लागली, ऑफिसांना जीपगाड्या लागल्या आणि मुखेडकडच्या एका पोराला सरकारी ड्रायव्हरची नोकरी लागली. "जिल्हा झाला म्हणून मी झालो," असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगायचा. कुणाला वाटावं, सरकारनं तुमच्यासाठीच जिल्हा काढला. मग एका रिटायर फौजदाराची बुलेट घेतलीत आणि पहिल्याच सुट्टीत नांदेडला निघालात. लोह्याच्या अलीकडच्या चढावर एक हैदराबादी बुलेटवाला तुमच्या बाजूनं निघून गेला. नुसता गेला नाही, मागं बघून हसून गेला. लोह्याच्या हॉटेलवर तुम्ही त्याला गाठलंत. तो चहा फुंकत म्हणाला, "अंदर स्पोर्ट कॅम है मियाँ, ऐसे नहीं भागती."

तो एक चहा तुम्हाला जन्मभर पुरला. दिल्लीला जाणाऱ्या एका ट्रकवाल्याच्या गळी पडून तुम्ही तसल्याच कॅमची जोडी मागवलीत. आली. आणि मग टाकायची राहिली. आधी प्रशांत झाला, मग आत्याबाईंचं आजारपण, मग दर उन्हाळ्यात साहेबाची जीप घेऊन गावोगावच्या कोरड्या विहिरी बघत फिरायचं. जोडी ग्रीस लावून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात गेली आणि डबा धान्याच्या कोठीमागं गेला. नवरी होऊन आले त्या आठवड्यात तुम्ही तो मला उघडून दाखवला होता. लोक सुनेला दागिने दाखवतात. तुम्ही कॅम दाखवले. मी एक हातात घेऊन त्याचा उंचवटा बघितला आणि म्हणाले, "मामा, ह्यानं गाडी बाजारातनं चालवता येणार नाही, धक्के खाईल." तुम्ही डबा बंद केलात आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

मग तो उन्हाळा आला. रेल्वेनं लातूरला पाणी आलं तो. आपली वसाहत माळावर, आणि खालून वर यायचा रस्ता पाइपसाठी खणून ठेवलेला, त्यामुळे टँकर चढावाच्या खालीच थांबायचा. तुम्ही बुलेटला दोन्ही बाजूंनी लोखंडी चौकट वेल्डिंग करून घेतलीत आणि दोन निळे ड्रम बसवलेत. आपलं पाणी, काकूंचं पाणी, कोपऱ्यावरच्या दमेकरी मास्तरांचं पाणी. रिटायर झालेल्या माणसाला पुन्हा ड्युटी लागल्यासारखे तुम्ही खाकी शर्ट घालून खाली जायचा. आणि एक दिवस अर्ध्या चढावर गाडी खोकली, बंद पडली आणि मागं आली. तुम्ही पडलात, गुडघा फुटला. मी पळत आले तर तुम्ही गुडघ्याकडं बघतच नव्हता. मुरमात मुरणाऱ्या पाण्याकडं बघत होता. तुमचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

संध्याकाळी मी टायमिंग कव्हर काढलं. तुम्ही शेजारी स्टूल टाकून बसलात. इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सुनेनं इंजिनाला हात लावू नये असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. तुमचं म्हणणं वेगळंच होतं. "हात लाव. डोकं लावू नको."

धूर काढायच्या बाजूचा कॅम झिजून सपाट झाला होता. तुम्ही उडी मारलीत. "बदलायचाच हाय ना? मग माझी जोडी टाक!"

"मामा, तुमची जोडी रिकाम्या रस्त्यावर पळायला. आपल्याला पहिल्या गिअरमधे दोन ड्रम घेऊन चढायचंय. हळू असताना तुमच्या कॅमनं निम्मा दम मागल्या मागं जातो."

"दिल्लीचा माल हाय तो!"

"दिल्लीत माळ नाही."

"तुला काय कळतंय गं त्यातलं?"

"मला कळत नाही ना? मग चला अण्णांकडं. ते सांगतील ते ऐकायचं."

"चल. उद्याच चल. भितो की काय मी इवायाला?"

पण जायचं कशावर? इंजिन तर उघडं. मग एसटीनं निघालो. गव्हाच्या पिशवीत झिजलेला कॅम, चांगला कॅम, दोन पुशरॉड आणि तुमचा तो डबा. कंडक्टरनं डब्याकडं बघून विचारलं, "काका, लाडू का?" तुम्ही म्हणालात, "हाव. लोखंडाचे." लोह्याला गाडी थांबली तेव्हा तुम्ही मला मुद्दाम त्याच हॉटेलात नेलंत. कोपऱ्यावर बोट दाखवलंत, "हितं बसला होता त्यो." हॉटेलवाला तुमच्या ओळखीचा निघाला. संगं कोण, म्हणाला. तुम्ही म्हणालात, "सून हाय. मेस्त्री हाय."

मामा, लोकांसमोर मला मेस्त्री म्हणणारे तुम्ही पहिले. आयटीआयत मॅडम म्हणतात, नांदेडला लेथवाल्याची पोरगी म्हणायचे. मी चहात तोंड घातलं. तेव्हा बोलायला पाहिजे होतं असं नाही, पण आज बोलते. लई बरं वाटलं होतं.

अण्णांचं दुकान नांदेडच्या इतवाऱ्यात, आत शिरलं की गरम लोखंडाचा आणि तेलाचा वास. अण्णांनी आधी पाणी दिलं. त्या उन्हाळ्यात पाणी आधी विचारलं की माणूस श्रीमंत वाटायचा. मग त्यांनी पुशरॉड घेतले आणि काचेच्या तुकड्यावर ठेवून बोटानं ढकलले. एक सरळ गडगडत गेला, दुसरा लंगडत गेला. "हा वाकलाय. लई ताणलाय कुणीतरी." मी तुमच्याकडं बघितलं, तुम्ही छताकडं.

मग तुमचा डबा उघडला. अण्णांनी स्पोर्ट कॅम पुसला, उजेडात धरला, अंगठा फिरवला. "माल अस्सल हाय, इवाई. खोटं न्हाई बोलत. पण ह्यानं पाणी न्हाई वाहता येत."

तुम्ही कॅम त्यांच्या हातातून परत घेतलात. मग एकदम म्हणालात, "बरं, मग असं करा. एक माझा टाका, एक तुमचा. दोन दारं हायत ना? एका दाराला ह्यो, एका दाराला त्यो."

आम्ही बाप-लेक एका सुरात ओरडलो, "जोडी फोडायची नाही!"

हा आमच्या दुकानाचा कायदा होता. जे दोन भाग एकमेकांसंगं झिजलेत, ते संगंच ठेवायचे. बदलायचे तर दोन्ही बदलायचे, नाही तर जो गेला तो त्याच मापाचा घडवून द्यायचा. गिऱ्हाईक कितीही घाई करू दे, अण्णा अर्धवट जोडी दुकानाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. मी लहानपणी एका जोडीतली एक चप्पल आणि दुसऱ्या जोडीतली एक घातली तरी ओरडायचे.

तुम्ही हात जोडलेत. "बाप एक आन् लेक दोन. मी आपला एकटा."

अण्णांनी झिजलेल्या कॅमवर वेल्डिंगचा थर चढवला आणि दिवसभर घासून त्याला पहिल्या आकारावर आणलं. दुसरा चांगला होता, तो नुसता पॉलिश केला. दोन्हींच्या कडेला छिन्नीची एकेक बारीक खूण घातली, दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूला घालायचे तशी. मग पुशरॉड आले. तुम्हाला हलके अॅल्युमिनियमचे पाहिजे होते, मला जुन्यासारखे जड. अण्णा म्हणाले, हलकेच घ्या, टोकं तेवढी पोलादी बघून घ्या, कॅमवर ताण कमी पडल. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जशी काही पंचायत समिती जिंकली. घासलेला कॅम थोडा बसका झाला होता, म्हणून एका दांडीचं खालचं टोक अण्णांनी लांब करून दिलं. दारं मिटणाऱ्या वरच्या स्प्रिंगा मात्र तुम्हाला कडक पाहिजे होत्या, त्या मी घेऊ दिल्या नाहीत. कडक स्प्रिंग कॅम खाते. तुम्ही म्हणालात, "खाऊ दे, पिऊ दे, पण पळू दे." अण्णा लेथ बंद करून हसले. त्यांना तसं हसताना मी फार कमी बघितलंय.

परत येताना एसटीत तुम्ही डबा मांडीवर घेऊन बसलात. अहमदपूर आलं तरी झाकणावरचा हात काढेनात. मला कसंतरी झालं. मी म्हणाले, "मामा, पाऊस पडू दे. ड्रम उतरले की त्याच दिवशी तुमची जोडी टाकते. शब्द देते."

"नक्की?"

"नक्की."

"लिहून देतीस का?" म्हणालात, आणि हसलात एकदाचे.

गाडी चढली, मामा. दोन्ही ड्रम भरून, तुम्ही वर, पहिल्या गिअरमधे, रमतगमत. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, मास्तर धापा टाकत टाळ्या वाजवायला लागले. तुम्ही वर येऊन इंजिन बंद केलंत आणि काय म्हणालात? "माझ्या पुशरॉडची कमाल हाय." मी पान्यानं हाणणारच होते.

पाऊस पडला तो असा पडला की नाल्याला पूर आला. ड्रम उतरले. मी शब्द पाळणार होते. पण अण्णा आजारी पडले आणि मी नांदेडला गेले ती त्यांना पोचवूनच परत आले. दुकान भावानं विकलं. लेथ ज्यानं नेलं त्यानं ट्रकमधे चढवताना दोरी नीट बांधली नव्हती, ते मी नुसतं बघितलं.

लातूरला उतरले तेव्हा तुम्ही स्टँडवर घ्यायला आला होता, बुलेट घेऊन. माझी पिशवी टाकीवर ठेवलीत. गाडी एका किकमधे सुरू झाली. चौकातून वळताना मी मागून म्हणाले, "मामा, आवाज जरा वेगळा लागतोय." तुम्ही पुढं बघतच म्हणालात, "तेल बदललं." तुमच्या अंगठ्याला काळी पट्टी होती. मी विचारलं, तर म्हणालात, विळी लागली. मी कुठं पुढं विचारणार होते? माझं डोकं कुठं जाग्यावर होतं?

महिना-दोन महिन्यांनी मी पाने काढले. म्हणाले, चला, तुमची जोडी टाकू. तुम्ही पेपर खाली केला नाहीत. "राहू दे. चांगली चाललीय."

"अहो, शब्द दिलाय मी."

"शब्द कुठं पळून चाललाय? राहू दे म्हणतो ना."

मला हायसं वाटलं, मामा. आज तुम्हाला सांगायला काय हरकत आहे? मला अण्णांचा कॅम काढायचा नव्हता. पण रागही आला. तीस वर्षं डबा सांभाळणारा माणूस एकदम राहू दे म्हणतो म्हणजे काय? सुनेवर उपकार? मग दर जयंतीला आपलं तेच सुरू झालं. गाडी धुवायची, निळा झेंडा लावायचा आणि मी विचारायचं, "ह्या वर्षी टाकायची का?" तुम्ही म्हणायचा, "पुढल्या वर्षी बघू." मी म्हणायचे, तुमच्यात दम राहिला नाही. तुम्ही म्हणायचा, दम हाय का न्हाई ते चल लोह्याच्या चढावर, दाखवतो. आणि दाखवायचातही. मागच्या वर्षी त्या चढावर तुम्ही एका पोरसवदा गाडीवाल्याला मागं टाकलंत, मागं बघून हसलात, आणि मी तुमच्या पाठीत बुक्की घातली. घरी येऊन मी प्रशांतला सांगितलं, बघ, अण्णांच्या कॅमची करामत. तुम्ही न्हाणीत पाय धूत होता. तिथूनच "हाव, हाव" म्हणालात.

एवढं सगळं लिहून झालं आणि मग मी कव्हर ओढलं, मामा.

तेल चादरीवर पडू दिलं. बोटानं पुसलं. धुराच्या बाजूच्या कॅमवर अण्णांची खूण दिसली, आणि मी तिच्यावरून अंगठा फिरवला. मग दुसरा पुसला, आत घ्यायच्या दाराचा. खूण नाही. वाटलं तेलानं बुजली. रॉकेलच्या चिंधीनं पुसला. खूण नाहीच. उंचवटा बघितला. हा कॅम मी आधी हातात घेतलेला होता, नवरी होऊन आले त्या आठवड्यात.

कोठीमागचा डबा आणला. झाकणाला तुम्ही चिकटपट्टी गुंडाळलेली. आत ग्रीसमधे दोन कॅम. एक तुमचा दिल्लीचा, धुराच्या बाजूचा, कधीच न वापरलेला. दुसरा आपला जुना, नुसता पॉलिश केलेला, कडेला अण्णांच्या छिन्नीची खूण असलेला.

जोडी फोडलीत! बोंबलून सांगितलं होतं दोघांनी, इतवाऱ्यात, भर दुकानात. आणि कॅमवर घासत बसणारा टॅपेट? तो जुनाच ठेवलात! नवा कॅम जुन्या टॅपेटवर! मी खरंच मोठ्यानं ओरडले, काकू पुन्हा डोकावल्या. मग भिंग आणलं आणि कॅमचा तोंडवळा बघितला. कुठं ओरखडा नाही. कॅमच्या दातांवरच्या टायमिंगच्या खुणा बघितल्या. ठिपक्यासमोर ठिपका, एक दात इकडं-तिकडं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्हाला टायमिंग लावायला मी लागते.

मग मात्र मी चादरीवर बसूनच राहिले, कारण तुम्ही हे कधी केलंत ते लक्षात आलं. मी नांदेडला अण्णांच्या उशाशी बसले होते तेव्हा. वेल्डिंगचा थर चढवून अण्णांनी दिवसभर घासलेला कॅम होता, त्याला तुम्ही हात लावला नाहीत. जो नुसता पॉलिश केला होता तेवढाच काढलात आणि तिथं तुमचा बसवलात. परत आल्यावर ही पोरगी शब्दाला जागून पाने काढणार आणि बापाचा कॅम काढताना हिचा हात अडणार, हे तुम्हाला मी यायच्या आधीच ठाऊक होतं. मला त्या पेचात पडूच दिलं नाहीत. आणि सांगितलंही नाहीत, कारण सांगितलं असतंत तर मी जोडी फोडली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन्ही बाहेर काढले असते. काढले असते, मामा. मी तशीच आहे.

दवाखान्यात तुम्ही "कॅम टाक" म्हणाला नव्हता. "इंजन खोल" म्हणाला होता.

म्हणजे त्या लोह्याच्या चढावर आपण दोघं नव्हतो. तुम्ही होता, मी होते, आत अण्णा होते आणि त्यांच्या शेजारी तुमचा दिल्लीचा कॅमही. आणि मी येडी घरी येऊन प्रशांतला सांगत होते, अण्णांची करामत बघ.

तुमच्यावर रागवू की काय करू, सांगा. मी रडून घेतलं, हात तेलाचे होते म्हणून तोंड खांद्याला पुसलं. मग कामाला लागले. काही बदललं नाही. जे जिथं होतं तिथंच ठेवलं. डब्यात उरलेल्या दोघांना नवं ग्रीस लावलं, झाकण दाबलं, कोठीमागं ठेवून दिलं. नवं गॅस्केट टाकून कव्हर बसवलं. पुशरॉडचं झाकण काढून दोन्ही दांड्या चिमटीत फिरवून बघितल्या. सैल नाहीत, आवळ नाहीत. अण्णा म्हणायचे तशा, जपमाळेच्या मण्यासारख्या फिरतात. तुम्ही शेवटपर्यंत सेटिंग ठेवलेलं होतं. तेल ओतलं.

पहिल्या किकला सुरू झाली. ओसरीवरून खाली उतरवली आणि तशीच माळाखाली गेले, टँकर थांबायचा तिथपर्यंत. तिथं आता रसवंती आहे. वळवली आणि चढावर मूठ पिळली. मुरूम जाऊन सिमेंट झालंय, ड्रम नाहीत, मागं कुणी नाही. गाडी खालून ओढत निघाली आणि मास्तरांच्या घरापाशी येऊन पळायला लागली. दोन्ही कळलं मला, वेगवेगळं.

दारात प्रशांत रिकामं टोपलं घेऊन उभा होता. माझ्या तोंडाकडं बघून त्यानं टोपलं खाली ठेवलं. मग म्हणाला, "मग? कुणाचा टाकलास?"

मी गाडी स्टँडला लावली.

"कुणाचा नाही," म्हणाले. "तेल बदललं."